कुजक्या बुंध्यांतील पाळणा

माशी म्हटली कीं उकिरडा व रोगराई हींच डोळ्यांपुढें येतात. परंतु माश्यांचें एक कुळ असें आहे कीं, त्यांतील माश्या हवेंत एकाच जागीं स्थिर राहून उडतात, फुलांतील मध व पराग सेवन करितात आणि कोणासही दंश करीत नाहींत. स्कॉटलंडच्या पाइन वृक्षांच्या अरण्यांत राहणारी ‘ब्लेरा फॅलॅक्स’ ही माशी याच कुळांतील होय. १७५८ सालीं लिनीअस या स्वीडिश पंडितानें तिचें वर्णन केलें. तिचें अंग काळें असून पोटाचें टोंक तांबूस असतें.

हिचें बालपण मोठें विलक्षण आहे. जुन्या पाइन वृक्षाच्या गाभ्यास एक प्रकारची बुरशी लागते व आंतील लांकूड मऊ पडतें. पुढें तें झाड तोडलें गेलें किंवा वाऱ्यानें मोडलें, म्हणजे उरलेल्या बुंध्यांत खळगा पडून पावसाचें पाणी सांचतें. त्या कुजक्या पाण्यांत या माशीची अळी वाढते. तेथील सूक्ष्म जंतु हें तिचें अन्न, आणि मागील टोंकास असलेली नळी पाण्याबाहेर काढून ती श्वास घेते. हिवाळा अळीच्याच रूपानें काढून पुढें उन्हाळ्याच्या आरंभीं ती पंख लेवून बाहेर पडते.

मात्र असा खळगा होण्यास झाड जुनें व जाड असावें लागतें. आणि झालेला खळगाही कांहीं वर्षांनीं सुकतो वा बुजतो. म्हणून जवळपास नवे बुंधे सतत मिळाले पाहिजेत. शतकानुशतकांच्या तोडीनें जुनीं अरण्यें आक्रसलीं, आणि लागवडीचीं झाडें म्हातारीं होण्यापूर्वींच कुऱ्हाडीखालीं येऊं लागलीं. परिणामीं ब्रिटनमध्यें ही माशी स्ट्रॅथस्पेच्या खोऱ्यांतील मोजक्या ठिकाणांपुरतीच उरली.

तेव्हां अभ्यासकांनीं पाइनच्या बुंध्यांत मुद्दाम खळगे कोरले व त्यांत लांकडाचा भुसा आणि पाणी भरलें. माशीनें हे कृत्रिम पाळणे स्वीकारले! स्कॉटलंडच्या रॉयल झूलॉजिकल सोसायटीनें अळ्या वाढवून २०२१ सालीं त्या अरण्यांत सोडण्यास प्रारंभ केला, आणि २०२२ सालीं, जवळजवळ दहा वर्षांच्या खंडानंतर, मोकळ्या रानांत प्रौढ माशी पुन्हा दृष्टीस पडली.

तथापि कोरलेले खळगे ही तात्पुरती सोय होय. कांहीं पाइन वृक्षांस पुरतें म्हातारें होऊं द्यावें आणि त्यांचे कुजके बुंधे जागच्या जागीं राहूं द्यावे, हाच कायमचा उपाय. ज्यास अरण्यांतील केरकचरा म्हणून दूर करण्याचा मोह होतो, त्यांतच एका जीवाचा वंश वाढत असतो.