पोर्शे ९१७ चे पहिले वर्ष



१९६९ च्या एप्रिलमध्ये जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरात, त्सुफेनहाउसेनच्या पोर्शे कारखान्याच्या आवारात ९१७ या शर्यतीच्या मॉडेलच्या २५ गाड्या ओळीने उभ्या होत्या. सगळ्या नव्याकोऱ्या, आणि शर्यतीत एकीचीही परीक्षा झालेली नव्हती. नियमच तसा होता. पाच लिटरपर्यंतच्या इंजिनाची स्पोर्ट्‌स कार शर्यतीत उतरवायची, तर निदान २५ गाड्या तयार असायला हव्यात. मान्यता देणारे तपासनीस आधी एकदा येऊन गेले, तेव्हा पुऱ्या झालेल्या गाड्या जेमतेम तीन होत्या. बाकीच्या अर्धवट जुळलेल्या किंवा सुट्या भागांत. मान्यता मिळाली नाही. मग कचेरीतल्या सेक्रेटरींपासून शिकाऊ मुलांपर्यंत ज्याला पाना धरता येईल तो जुळणीला लागला. तपासनीस पुन्हा आले, तेव्हा विकासविभागाचे प्रमुख फर्डिनांड पिएख यांनी त्यांना सांगितले, यातली हवी ती गाडी चालवून पाहा. त्यांनी ते टाळले.

प्रयोग पुरा व्हायच्या आत त्याच्या २५ प्रती काढाव्या लागल्या, आणि त्या विकायच्याही होत्या. पुढच्या काही महिन्यांतल्या दुःखाचे मूळ मला इथेच दिसते.

कागदावर गाडी अप्रतिम होती. हान्स मेत्सगर यांनी आखलेले बारा सिलिंडरचे, साडेचार लिटरचे, हवेने थंड राहणारे इंजिन. ताकद ५०० अश्वशक्तीच्या वर. ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा ५० किलोही भरत नव्हता. नळ्यांत दाबाखाली वायू भरलेला असे. दाब उतरला, की कुठेतरी जोड तडकला असे समजायचे. गिअरच्या दांड्याची मूठसुद्धा बाल्सा लाकडाची, वजन वाचावे म्हणून.

ही गाडी सरळ रस्त्यावर ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे गेली, की मात्र रस्ता सोडू पाहायची. हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून तिची शेपूट लांब आणि उतरती ठेवलेली होती. तीच शेपूट वेगात हलकी होई, मागची चाके पकड सोडत आणि गाडी या कडेपासून त्या कडेपर्यंत भटके. मे महिन्यात बेल्जियममधल्या स्पाच्या शर्यतीत जो सिफर्ट आणि ब्रायन रेडमन या पोर्शेच्या चालकांनी ती नाकारली, पोर्शेचीच जुनी ९०८ घेतली आणि शर्यत जिंकली. ९१७ पहिल्याच फेरीनंतर इंजिनाच्या बिघाडाने बाहेर पडली. जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगच्या शर्यतीत कारखान्याचे नेहमीचे चालक तिच्यात बसायला राजी नव्हते. बाहेरून बोलावलेले डेव्हिड पायपर आणि फ्रँक गार्डनर यांनी ती कशीबशी आठव्या क्रमांकावर आणली.

हे चालक भित्रे नव्हते. कमरेखाली गाडी काय करते आहे, हे त्यांच्याइतके नेमके त्या काळी कोणतेच यंत्र सांगू शकत नव्हते. त्यांचा नकार हेच मोजमाप होते.

जूनमध्ये फ्रान्समधली ल मांची २४ तासांची शर्यत आली. जॉन वुल्फ या ब्रिटिश हौशी चालकाने एक ९१७ विकत घेतली होती. तेव्हा शर्यत सुरू होताना चालक रस्ता ओलांडून पळत गाडीत शिरत आणि सुटत. पट्टे बांधायला थांबले तर मागे पडणार. पहिल्याच फेरीत मेझाँ ब्लांशजवळ वुल्फची गाडी भरकटली आणि त्यात त्याचा जीव गेला. त्याच सुरुवातीच्या वेळी, पळत सुटण्याच्या पद्धतीचा निषेध म्हणून, जॅकी इक्स हा चालक आपल्या फोर्डपर्यंत मुद्दाम चालत गेला होता, आणि शेवटी शर्यत त्यानेच जिंकली. पुढच्या वर्षी ती पद्धत बंद झाली. विक एलफर्ड आणि रिचर्ड ॲटवुड यांची ९१७ बराच काळ आघाडीवर होती; शेवटचे तीनेक तास उरले असताना तीही बिघडली.

ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियात सिफर्ट आणि कुर्ट आरेन्स यांनी तिला पहिला विजय मिळवून दिला, पण स्वभाव तोच राहिला. ऑक्टोबरमध्ये तिथल्याच शर्यतमार्गावर चाचण्या झाल्या. पुढच्या वर्षी पोर्शेसाठी शर्यती लढवणार होता तो जॉन वायर यांचा इंग्लिश संघ तिथे आला होता. पोर्शेचे लोक दोष सस्पेन्शनमध्ये शोधत होते. वायर यांचे अभियंते जॉन हॉर्समन यांची नजर गाडीच्या अंगावर गेली. नाकावर आणि काचेवर चिलटांचा थर होता, शेपटीवर मात्र डाग नाही. म्हणजे हवा शेपटीला शिवतच नव्हती, वरूनच निघून जात होती. दाब येणार कुठून? त्यांनी कात्री घेतली, ॲल्युमिनियमचे पत्रे कापले आणि शेपूट आखूड, वर उचललेली करून ठोकून बसवली. रेडमन एकदा बाहेर पडला तो फेऱ्यांवर फेऱ्या मारत राहिला. परतल्यावर त्याने सांगितले, आता ही शर्यतीची गाडी झाली. फेरीचा वेळ काही सेकंदांनी खाली आला होता. आखूड शेपटीची ९१७ ती हीच.

१९७० च्या जूनमध्ये, भर पावसातल्या ल मांमध्ये, हान्स हेरमान आणि ॲटवुड यांनी पोर्शेला तिथले पहिले एकूण विजेतेपद मिळवून दिले. त्या वर्षी याहून मोठे, ४.९ लिटरचे इंजिन मिळत होते. ॲटवुडने ते घेतले नाही. त्याने साडेचार लिटरचे जुने इंजिन, चार गिअरचा गिअरबॉक्स आणि आखूड शेपूट मागितली, आणि संघाने त्याला तशीच गाडी दिली.