दोन मिनिटांचं काम

मी भिलाईचा. पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली, त्यानंतर काही वर्षांनी वडील भंडाऱ्याहून इथं नोकरीला आले. मी मात्र एका लहान कारखान्यात फिटर. आमच्या घरी अपघात म्हटलं की भट्टी, गॅस, क्रेन. शिडीचं नाव कुणी घेत नसे.

मी शिडीवरूनच पडलो.

एअर लाइनचा व्हॉल्व्ह गळत होता. दोन मिनिटांचं काम, म्हणून हेल्परला हाक मारली नाही. फरशीवर तेल होतं. शिडीचे पाय सरकले. माझे पाय जमिनीपासून ७ फुटांवर होते. तेवढ्या उंचीवरून खाली यायला पाऊण सेकंदही लागत नाही, आणि आपटताना वेग असतो ताशी सुमारे २३ किलोमीटर. मनगट मोडलं.

सुपरवायझर म्हणाला, "दवाखान्यात सांग, घरी न्हाणीघरात घसरलो." नोकरीच्या भीतीनं मी तेच सांगितलं. ही चूक पहिलीपेक्षा महागात पडली. ईएसआयमध्ये साध्या आजारपणाला पगाराच्या ७० टक्के मिळतात, तेही वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. कामावरच्या दुखापतीला बरं होईपर्यंत ९० टक्के मिळतात, आणि कायमचं अपंगत्व आलं तर दरमहा रक्कम. ते सगळं मी एका वाक्यात घालवलं.

त्याहून वाईट पुढे घडलं. कागदावर अपघात झालाच नव्हता, म्हणून फरशीवरचं तेल कुणी पुसलं नाही. तीन महिन्यांनी त्याच जागी आमचा हेल्पर पडला. तो पोरगा माझ्या खोटेपणामुळे पडला, असं मला आजही वाटतं.

म्हणून हे लक्षात ठेवा. शिडी १२ फुटांवर टेकत असेल, तर तिचे पाय भिंतीपासून ३ फूट हवेत. जास्त उभी लावली तर मागे कलंडते, जास्त तिरपी लावली तर सरकते. खाली धरायला माणूस हवा. चढताना दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन कायम शिडीवर. पाना हातात नको, कमरेच्या पिशवीत ठेवा. उंचावर काम करणाऱ्याला पडण्यापासून वाचवण्याची व्यवस्था करणं ही व्यवस्थापनाची जबाबदारी आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम ३२ हेच सांगत होतं. ती मागायला लाजू नका.

आणि पडलातच, तर कुठं पडलात ते खरं सांगा. तुमच्यानंतर त्या शिडीवर दुसरं कुणीतरी चढणार आहे.