रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळी कशाला?

आजचा भाग छोटा आहे.

आमच्या मेडिकलमध्ये एक काका येतात. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. परवा नेहमीची चिठ्ठी पुढे करून म्हणाले, "ती कोलेस्टेरॉलची तेवढी नको. रिपोर्ट नॉर्मल आलाय." बघितलं तर एलडीएल ६२. म्हटलं, "काका, हा आकडा गोळीनेच आणलाय."

आता हे होतं कसं? एलडीएल म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण. ते जास्त झाले की रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून साचत जातात. स्टॅटिनची गोळी लिव्हरमधलं कोलेस्टेरॉल बनवणारं एक एन्झाइम अडवते. लिव्हरला माल कमी पडतो, मग ते आपल्या पेशींवर जास्त रिसेप्टर उभे करतं आणि रक्तातले हे कण आत ओढून घेतं. गोळी थांबवली की रिसेप्टर कमी होतात, आणि काही आठवड्यांत आकडा पुन्हा जुन्या जागी.

बरं, आकडा उतरला म्हणून माणूस वाचतो का? शंका रास्त आहे, डॉक्टरांनाही होती. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४४४४ हृदयरुग्णांच्या अभ्यासाचे निकाल आले. निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन, निम्म्यांना नुसती दिसायला तशी गोळी. पाचेक वर्षांत साध्या गोळीच्या गटात २५६ माणसं गेली, औषधाच्या गटात १८२. त्यानंतर वाद बराच निवळला.

काकांना एवढं सगळं सांगितलं नाही, गिऱ्हाईकं उभी होती. पण जाता जाता ते हळूच म्हणाले, "पाय दुखतात रे तिनं." म्हणजे खरं कारण हे होतं!

पायदुखीवर एक मजेशीर प्रयोग झालाय, इंग्लंडमध्ये. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेले ६० जण घेतले. प्रत्येकाला महिन्याची एक अशा १२ बाटल्या : चारांत स्टॅटिन, चारांत खोटी गोळी, चार रिकाम्या. रोज त्रासाला १०० पैकी गुण द्यायचे. रिकाम्या महिन्यात सरासरी ८, स्टॅटिनला १६.३. आणि खोट्या गोळीला? १५.४! म्हणजे त्रास खरा होता, लोक नाटक करत नव्हते. पण बहुतेक त्रास गोळी घेतोय या जाणिवेचा होता. स्वतःचे गुण पाहिल्यावर निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

म्हणून सगळं मनाचंच, असं मी म्हणणार नाही. क्वचित स्नायूंना खरंच इजा होते. अंग फार दुखतंय, लघवी चहासारखी काळपट होतेय, तर थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा. काहींची साखरही थोडी वाढते. आणि एक गोळी खरंच सोसली नाही तर डोस कमी करता येतो, दुसरं स्टॅटिन देता येतं, आतड्यात कोलेस्टेरॉल शोषणं रोखणारी इझेटिमाइब आहे. आता तर सुरुवातीच्या डोसांनंतर सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शनही निघालंय, पण किंमत ऐकली की माणूस खाली बसतो.

काकांनी शेवटी महिन्याच्या ऐवजी दहा गोळ्यांची एकच स्ट्रिप नेली. "डॉक्टरला पायाचं सांगतो, मग बघू," म्हणाले. दोन वर्षांत त्यांनी डॉक्टरांना पायाचं एकदाही सांगितलं नव्हतं.