मंदीचा बाजार, नोकरीचा शोध आणि ओळखीची पत

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचे शब्दांकन)



मंदी हा शब्द व्यापाऱ्याला नवा नाही. पेढीवर बसणाऱ्या प्रत्येक पिढीने तिची एक तरी फेरी पाहिलेली असते. परंतु व्यापारी मंदी मोजतो ती विक्रीच्या आकड्यांत आणि थकलेल्या उधारीत. त्याच मंदीत एखाद्या तरुणाच्या हातचे काम जाते किंवा पदवी हाती येऊनही काम मिळत नाही, त्याची नोंद कोणत्याही खतावणीत होत नाही. आजच्या विवेचनाचा विषय ती न झालेली नोंद हा आहे.

मंदी नंदुरबारपर्यंत कोणत्या वाटेने येते, हे प्रथम पाहिले पाहिजे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ४८ हजार असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांहून अधिक आहे. जिल्हा महाराष्ट्राचा, पण त्याच्या रोजगाराची दिशा पश्चिमेची आहे. तापी खोऱ्यातील रेल्वेमार्गाने नंदुरबार सुरतेशी जोडले गेले आहे आणि नवापूरचे रेल्वेस्थानक तर अर्धे महाराष्ट्रात व अर्धे गुजरातमध्ये उभे आहे. सुरतेतील उधना, लिंबायत या भागांत खान्देशातून गेलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे. त्यामुळे सुरतेच्या मागावर जे घडते, त्याचे पडसाद नंदुरबार, शहादा, तळोदा येथील आठवडे बाजारात उमटल्याशिवाय राहत नाहीत.

कापडाचा धंदा या साखळीचे उत्तम उदाहरण आहे. कापूस व मिरची यांचे भाव पडले की शेतकरी औषधाचा किंवा शाळेचा खर्च सहसा थांबवत नाही; तो नवे कापड पुढे ढकलतो. लग्नसराईत दहा साड्यांच्या जागी सहा साड्या घेतल्या जातात. किरकोळ दुकानदार ठोक व्यापाऱ्याकडील मागणी कमी करतो, ठोक व्यापारी सुरतेच्या बाजारातील माल थांबवतो, आणि मागवाला दोन पाळ्यांऐवजी एकच पाळी चालवतो. दुसऱ्या पाळीचा कामगार गावी परततो. तो कामगार नंदुरबार जिल्ह्यातला असेल, तर त्याच्या घरचे गिऱ्हाईकही बाजारातून कमी होते. अशा रीतीने मंदीचे चाक एक फेरा पूर्ण करून पुन्हा त्याच दुकानाच्या पायरीशी येते. कामावरून कमी झालेला मनुष्य हाच उद्याचा न आलेला ग्राहक असतो, हे सूत्र व्यापाऱ्याने पेढीच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगे आहे.

गेल्या दोन दशकांत या चाकाचे दोन मोठे फेरे झाले. १५ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स या बँकेने दिवाळखोरी जाहीर केली. त्या नावाचा उच्चारही ज्यांनी केला नव्हता, अशांच्या घरात त्याचे परिणाम पोहोचले. सुरतेच्या हिऱ्यांची प्रमुख बाजारपेठ अमेरिका असल्यामुळे त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर हिरे घासण्याचे अनेक कारखाने उघडलेच नाहीत आणि सौराष्ट्रातील कारागिरांना मोठ्या संख्येने गावी परतावे लागले. दुसरा फेरा २५ मार्च २०२० रोजी लागू झालेल्या टाळेबंदीचा. त्या वेळी मागणी हळूहळू आटली नाही. एका रात्रीत माग, रंगाई-छपाईच्या मिली आणि कापडबाजार बंद झाले. मजुरांचे तांडे पायी निघाले. २००८ मध्ये काम गेलेल्याला निदान दुसऱ्या धंद्यात चौकशी करता आली. २०२० मध्ये चौकशी करण्यासाठी दारच उघडे नव्हते.

या संकटांत कामगार इतक्या लवकर रस्त्यावर का येतो, याचे उत्तर कापडाच्याच इतिहासात सापडते. एके काळी गिरणीतील नोकरी म्हणजे हजेरीपुस्तकात नाव, भविष्य निर्वाह निधी आणि विमा. खान्देशात अमळनेरला प्रतापशेठजींची मिल होती. तिच्या भोंग्यावर गावाचे घड्याळ चालत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर अनेक गिरण्या पूर्ववत सुरू झाल्याच नाहीत आणि कापडाचे उत्पादन भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सुरत येथील यंत्रमागांकडे अधिकाधिक वळले. कापड तेवढेच निघू लागले, किंबहुना अधिक निघू लागले. परंतु नोकरीचे स्वरूप पालटले. मीटरप्रमाणे मजुरी घेणाऱ्या कामगाराला कामावरून काढण्यासाठी पत्र द्यावे लागत नाही. उद्या येऊ नकोस, एवढे तोंडी सांगणे पुरते. जो कागदावर कधी नोकरीत नव्हता, तो कागदावर बेकारही होत नाही.

जिल्ह्यात काम शोधणाऱ्यांच्या दोन रांगा आहेत. पहिली रांग दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीसाठी किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्यांची. बारडोली परिसरातील साखर कारखान्यांसाठी ऊस तोडणाऱ्या खान्देशी मजुरांचा अभ्यास डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमान यांनी १९७० च्या दशकात केला होता. म्हणजे ही वाट निदान दोन पिढ्यांची आहे. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली गावात दिला गेला. ओळखपत्र मिळाले, हे चांगलेच झाले. पण ओळखपत्र आणि ओळख यांत अंतर आहे, आणि रोजगार बहुधा दुसरीवर मिळतो.

दुसरी रांग शिकलेल्यांची. आश्रमशाळेतून महाविद्यालयात आणि महाविद्यालयातून पदवीपर्यंत पोहोचलेली ही घरातील पहिली पिढी. केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२२-२३ मध्ये देशातील एकूण बेकारीचे प्रमाण ३.२ टक्के होते, तर पदवीधरांमध्ये ते सुमारे १३ टक्के होते. याचा अर्थ शिक्षण निरुपयोगी आहे असा नव्हे. गरिबाला बेकार राहणे परवडत नाही. तो मिळेल ते काम करतो आणि आकड्यांतून निसटतो. पदवीधर मात्र शिक्षणाला साजेशा कामाची वाट पाहतो. मंदीत ही वाट लांबते. सरकारी भरती पुढे ढकलली जाते, खासगी कंपन्या नेमणूकपत्र देऊनही रुजू होण्याची तारीख लांबवतात, आणि एका जागेसाठी शंभर अर्ज येतात.

अशा वेळी नोकरी मिळते तरी कशी? रिक्त जागा रोजगार विनिमय केंद्राला कळवणे १९५९ च्या कायद्याने पंचवीस किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांनाही बंधनकारक केले होते. त्या केंद्राचे नोंदणी कार्ड अनेक घरांत वर्षानुवर्षे नूतनीकरण करून जपून ठेवलेले असे. परंतु प्रत्यक्षातील बहुतेक जागा त्या खिडकीपर्यंत पोहोचतच नसत. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७० च्या सुमारास बॉस्टनजवळील न्यूटन शहरात नोकरी बदललेल्या लोकांची पाहणी केली. निम्म्याहून अधिकांना नोकरी ओळखीतून मिळाली होती. विशेष असे की, ज्याच्यामार्फत नोकरी कळली, तो मनुष्य पाचांपैकी चारांहून अधिक वेळा जवळचा नव्हता. अधूनमधून किंवा क्वचित भेटणारा होता. कारण सोपे आहे. घरच्यांना आणि जिवलग मित्रांना तेवढेच ठाऊक असते, जेवढे स्वतःला ठाऊक असते. नवी बातमी दूरच्या ओळखीकडून येते.

सज्जनहो, नंदुरबार जिल्ह्यातील विषमतेचे मर्म येथे आहे. व्यापारी कुटुंबातील मुलाची सुरत, मुंबई, पुणे, इंदूर येथे दूरची का होईना, ओळख असते. कोणाचा मामेभाऊ आडतीवर असतो, कोणाचे व्याही सनदी लेखापाल असतात. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावरून बी. कॉम. झालेल्या मुलीची गुणपत्रिका तितकीच चांगली असली, तरी तिच्या गावातील दूरची ओळख म्हणजे ऊसतोडीचा मुकादम. दोघांच्या बुद्धीत अंतर नाही. पत्त्यांच्या वहीत आहे. सुगीच्या काळात हे अंतर थोडे झाकले जाते. मंदीत जागा मोजक्या उरतात आणि त्या वहीबाहेर जातच नाहीत.

थोडे थांबल्याने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. कॅनडातील पदवीधरांच्या प्रदीर्घ नोंदी तपासणाऱ्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, मंदीत पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांची सुरुवातीची कमाई सुमारे ९ टक्क्यांनी कमी राहते आणि ही तूट भरून यायला जवळजवळ दहा वर्षे लागतात. पैशांपलीकडची हानी आणखी खोल आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्ताल नावाचे गाव एका सूतगिरणीवर जगत होते. जागतिक महामंदीत, १९२९-३० मध्ये ती गिरणी बंद पडली. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या तरुण संशोधकांनी तेथे राहून केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. रिकामा वेळ मिळाला म्हणजे लोक अधिक वाचतील असे वाटत होते. झाले उलट. ग्रंथालयाची वर्गणी माफ करूनही पुस्तकांची देवघेव दोन वर्षांत जवळजवळ निम्मी झाली. पुरुष रस्त्याने सावकाश चालू लागले, वारंवार थांबू लागले. अनेकांनी घड्याळ वापरणे सोडले. स्त्रियांना मात्र घरकामामुळे थांबायला सवड नव्हती. काम गेले की दिवसाचा आकार जातो, आणि मनुष्य हळूहळू मागणेही सोडतो. चौकात दुपारभर बसलेल्या तरुणाला आळशी म्हणण्यापूर्वी मारिएन्तालची आठवण ठेवावी.

मग उपाय काय? समाजाने मनावर घेतले तर काय होऊ शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रानेच घालून दिले आहे. वि. स. पागे यांच्या विचारातून रोजगार हमी योजना आकाराला आली, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर विस्तारली आणि तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यासाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसवण्यात आला. म्हणजे शहरातील पगारदार व व्यापारी यांच्या पैशातून खेड्यातील मजुराच्या हाताला काम मिळाले. पुढे २००५ मध्ये केंद्राने असाच कायदा केला आणि २००६ मध्ये त्याच्या पहिल्या टप्प्यातील जिल्ह्यांत नंदुरबारचा समावेश होता. व्यापाऱ्याने कर भरून ही जबाबदारी एकदा उचललेली आहे. आता उरलेली जबाबदारी पैशाची नाही, पतीची आहे.

व्यापारात पत उसनी देता येते. अनोळखी गिऱ्हाईकाला अमुक पेढीचा हवाला मिळाला की माल उधार मिळतो. हाच हवाला नोकरी शोधणाऱ्यालाही देता येईल. त्यासाठी चार गोष्टी पुरेशा आहेत.

पहिली, दुकानात, गोदामात, जिनिंगमध्ये जागा रिकामी झाली की ती नातलगांच्या कानावर घालण्याआधी सार्वजनिक फलकावर लिहावी. दुसरी, कामावर ठेवलेल्या प्रत्येकाला नेमणुकीचे पत्र आणि काम सोडताना अनुभवाचा दाखला द्यावा. टॅलीवर हिशेब, साठ्याची नोंद, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे हे काम तीन वर्षे करूनही ज्याच्यापाशी एका ओळीचा कागद नाही, तो पुण्याच्या मुलाखतीत कोराच ठरतो. हा कागद देण्यास मालकाला खर्च येत नाही. तिसरी, समाजाच्या ग्रंथालयात व सभागृहात सर्व समाजांच्या उमेदवारांना रोज ठरावीक वेळी बसण्याची जागा, वर्तमानपत्रे आणि अर्ज भरण्याची सोय असावी, म्हणजे दिवसाला आकार राहील. चौथी, बाहेरगावी असलेल्या प्रत्येक आप्ताने वर्षातून एका अनोळखी होतकरू उमेदवाराची भेट घ्यावी, त्याचा अर्ज वाचावा आणि योग्य असेल तर पुढे शब्द टाकावा.

तरुणांसाठीही दोन शब्द. मंदीत मिळालेली लहान नोकरी कमीपणाची मानू नये. मात्र तेथे शिकण्यासारखे काय आहे ते पाहून ती धरावी. दूरच्या ओळखीच्या माणसाकडे जाण्यास संकोच करू नये. नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला दारातूनच नमस्कार करावा, कारण मंदीत खरी नोकरी दुर्मीळ होते आणि खोटी मुबलक. खंड पडला म्हणून खचू नये. अमेरिकेत काल्पनिक अर्ज पाठवून केलेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे आढळले की, बेकारीचा काळ वाढला की मुलाखतीची बोलावणी घटतात खरी, पण जेथे मंदी तीव्र असते तेथे हा दोष कमी धरला जातो. मालकालाही काळ कळत असतो.

मंदी येते आणि जाते. गोदामात पडून राहिलेले कापड पुढच्या हंगामात सवलतीने का होईना, विकले जाते. माणसाची वाया गेलेली उमेदीची वर्षे कोणत्याही हंगामात परत येत नाहीत. म्हणून पुढच्या मंदीत प्रत्येक पेढीने वर्षअखेरीस आणखी एक आकडा मांडावा: जिच्याशी नाते नव्हते, जात नव्हती, गावही एक नव्हते, अशा किती जणांना या पेढीच्या शब्दावर काम मिळाले. तो आकडा एक असला तरी खतावणीत घ्यावा. शून्य असेल, तर नफा-तोट्याच्या पत्रकावर सही करण्यापूर्वी क्षणभर थांबावे.