संगणकाच्या अंतर्भागातील विद्युत्-जोडांची सुरक्षित स्वच्छता
(भद्रावती परिसरातील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



भद्रावती हे प्राचीन नगर आहे. विजासनची बौद्ध लेणी, जैन मंदिर आणि ग्रामोदय संघाचे कुंभारकाम यांमुळे त्याची कीर्ती दूरवर पोहोचली आहे. त्याचबरोबर हा कोळशाच्या खाणींचा, संरक्षण खात्याच्या आयुध निर्माणीचा आणि चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या शेजारचा मुलूख आहे. म्हणजे प्राचीनता आणि यंत्रयुग येथे एकाच वेशीच्या आत नांदत आहेत. या यंत्रयुगातील एका लहानशा, परंतु सर्वांच्या नित्य व्यवहाराशी निगडित अशा प्रश्नाचा आज विचार करावयाचा आहे.

१९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा देशी बनावटीचा संगणक पूर्ण झाला, तेव्हा संगणक ही मोजक्या शास्त्रज्ञांनीच पाहावयाची वस्तू होती. पुढे २०११ साली ‘संग्राम’ प्रकल्पाद्वारे राज्यातील ग्रामपंचायतींमध्ये संगणक आणि संगणक-परिचालक आले. २०१५ साली महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम झाला आणि दाखला ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरला. आज जन्म-मृत्यूची नोंद, रहिवासाचा दाखला, शाळेतील विद्यार्थ्यांची माहिती, शेतकऱ्याचा सात-बारा हे सारे याच पेटीतून बाहेर येते. ती पेटी बंद पडली म्हणजे केवळ एक यंत्र बंद पडत नाही. रोजमजुरी बुडवून आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जातो.

अनेकदा असे घडते की, पावसाळ्यानंतर संगणक सुरू होत नाही, पडदा काळाच राहतो, आतून शिट्टीसारखा आवाज येतो; आणि ‘मदर बोर्ड गेला’ असा निर्णय देऊन यंत्र कपाटामागे जाते. जडवस्तू नोंदवहीत त्याच्यापुढे ‘नादुरुस्त’ असा शेरा पडतो. वस्तुतः पुष्कळ वेळा दोष असतो तो केवळ जोडांवर साचलेल्या मळाचा.

जोड का बिघडतात?

संगणकातील स्मृतिपट्टी, म्हणजे ज्याला सर्वजण ‘रॅम’ म्हणतात ती, खाचेत बसविलेली असते. तिच्या कडेला सोनेरी बोटांसारख्या बारीक पट्ट्या असतात. डीडीआर-४ या प्रकारच्या पट्टीवर दोन्ही बाजू मिळून अशी २८८ बोटे असतात. यांतील एका बोटाचा स्पर्श तुटला तरी यंत्र अडू शकते.

हा सोनेरी रंग शोभेसाठी नसतो. ते खरोखरीच सोने असते. घरातील उदाहरण घ्यावे. मंगळसूत्रातील सोने वर्षानुवर्षे तसेच राहते, पैंजणाची चांदी काळवंडते, देवघरातला तांब्या तर आठवड्यातच डागाळतो. सोने हवेतील वायूंना दाद देत नाही, म्हणून जोडांवर त्याचा मुलामा देतात. परंतु तो मुलामा सामान्यतः एका मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही पातळ असतो. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, हे ध्यानी घेतले म्हणजे मुलाम्याच्या नाजूकपणाची कल्पना येते. त्यातील सूक्ष्म छिद्रांतून ओलावा आणि गंधकयुक्त वायू खालच्या धातूपर्यंत पोहोचतात. कोळसा जाळला जातो तेथे असे वायू हवेत असतातच. त्यात खाणपट्ट्यातील बारीक धूळ, पावसाळ्यातील दमटपणा आणि हाताळणाऱ्याच्या बोटांचा घाम यांची भर पडते.

येथे कोणी विचारील, एवढ्याशा मळाने वीज कशी अडावी? याचे उत्तर विजेच्या दाबात आहे. घरातील दिव्याच्या बटणात २३० व्होल्टचा दाब असतो. तो मळाचा पातळ थर फोडून पार होतो. डीडीआर-४ स्मृतिपट्टी मात्र अवघ्या १.२ व्होल्टवर चालते. एवढ्या क्षीण दाबाला मळाचा पातळ पापुद्राही भिंतीसारखा वाटतो.

आधी माणसाची सुरक्षा

यंत्रापेक्षा माणूस मोलाचा आहे; यास्तव प्रथम त्याच्या सुरक्षेचा विचार केला पाहिजे.

भारनियमनाच्या वेळी ‘वीज गेलेली आहे, आता उघडायला हरकत नाही’ असे समजणे घातक आहे. संगणक यूपीएसला जोडलेला असेल, तर बॅटरीतून वीज येतच असते. बटण बंद केले तरी भागत नाही, कारण वायर जोडलेली असेतोवर मदर बोर्डावर ५ व्होल्टचा प्रवाह जागा असतो. म्हणून संगणक रीतसर बंद करावा, वायर खोक्याच्या मागून प्रत्यक्ष काढून बाजूला ठेवावी, आणि त्यानंतर सुरू करण्याचे बटण दहा सेकंद दाबून धरावे. असे केल्याने बोर्डावर उरलेली वीज निघून जाते.

खोक्याच्या आत पंखा असलेली धातूची एक बंद पेटी असते. तिला एसएमपीएस म्हणतात. ती कोणत्याही कारणाने उघडू नये. तिच्यातील मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टचा दाब असतो आणि वायर काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो. हा झटका जीवघेणा ठरू शकतो. यूपीएस उघडण्याचा मोहही असाच टाळावा. ही कामे प्रशिक्षित तंत्रज्ञाचीच होत.

न दिसणारी वीज

आता यंत्राच्या सुरक्षेकडे वळू. एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूर जिल्ह्याचे तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते. हवा कोरडी ठणठणीत होते. अशा वेळी नायलॉनचे वस्त्र अंगावरून काढताना चटचट आवाज होतो, तो सर्वांच्या अनुभवाचा आहे. ही स्थिर विद्युत होय. तिचा झटका माणसाला जाणवण्यासाठी साधारण ३,००० व्होल्ट लागतात; पण संगणकातील काही नाजूक चकत्या १०० व्होल्ट किंवा त्याहूनही कमी दाबाने निकामी होतात. म्हणजे हाताला काही कळण्यापूर्वीच नुकसान होऊन गेलेले असते. कधी ते लगेच दिसतही नाही. काही महिन्यांनी यंत्र अकस्मात दगा देते.

आयुध निर्माणीच्या या गावाला स्थिर विद्युतेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. स्फोटके हाताळणाऱ्या कारखान्यांत कामगाराच्या अंगावरील वीज जमिनीत उतरवून देण्याची व्यवस्था करूनच काम केले जाते. तीच शिस्त येथे लहान प्रमाणावर पाळावयाची आहे. सुती कपडे घालावेत. कोणताही सुटा भाग उचलण्यापूर्वी खोक्याच्या न रंगविलेल्या धातूला हात लावावा आणि काम चालू असताना तो पुनःपुन्हा लावावा. स्थिर विद्युत उतरविणारा मनगटी पट्टा मिळाल्यास तो खोक्याच्या धातूला जोडून वापरावा. साध्या तांब्याच्या तारेचा घरगुती पट्टा मात्र करू नये. विकत मिळणाऱ्या पट्ट्यात झटक्यापासून रक्षण करणारा रोध बसविलेला असतो.

प्रत्यक्ष कृती

यंत्र हमीच्या मुदतीत असेल किंवा वार्षिक देखभाल करार असेल, तर प्रथम संबंधितांना कळवावे; खोक्यावरील सील परस्पर तोडू नये. असा करार नसल्यास कार्यालयप्रमुखाची संमती घेऊन पुढील क्रमाने काम करावे.

एक : यंत्र अधूनमधून चालत असेल, तर महत्त्वाच्या माहितीची प्रत आधी दुसरीकडे काढून ठेवावी. दोष निघेल तेव्हा निघेल. गेलेली नोंद परत येत नाही.

दोन : तारा काढण्यापूर्वी मोबाईलने छायाचित्र घ्यावे. खोके ओसरीत किंवा हवेशीर जागी सुती कापड अंथरलेल्या लाकडी मेजावर ठेवावे. नाकाला रुमाल बांधून मऊ, कोरड्या ब्रशाने धूळ झाडावी. हवेचा झोत वापरल्यास पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. ते झोताने गरागरा फिरू देऊ नये.

तीन : खाचेच्या टोकांचे चाप दाबून स्मृतिपट्टी सोडवावी. ती दोन्ही कडांना धरावी; सोनेरी बोटांना हात लावू नये. पुष्कळदा पट्टी काढून नुसती पुन्हा नीट बसविल्यानेच यंत्र सुरू होते, कारण घर्षणाने जोडावरील पापुद्रा निघून जातो.

चार : एवढ्याने न भागल्यास धागे न सोडणाऱ्या कापडाचा कोपरा ९९ टक्के शुद्धतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर करावा आणि बोटांच्या लांबीच्या दिशेने, कडेकडे, हलक्या हाताने पुसावे. कापड मळल्यास कोपरा बदलावा. पट्टी काही मिनिटे पूर्ण सुकू द्यावी. खाचेच्या आत कापड, काडी वा टाचणी घालू नये. तिथली धूळ हवेनेच काढावी.

पाच : पट्टीवरील खाच आणि बोर्डावरील उंचवटा जुळवून, दोन्ही टोकांवर सारखा दाब देऊन, चाप ‘टक्’ असा आवाज करून मिटेपर्यंत ती बसवावी. हार्ड डिस्कच्या तारांची टोकेही याच वेळी एकदा काढून घट्ट बसवावीत. प्रोसेसर मात्र जागचा हलवू नये; त्याच्याखालच्या पिना केसाइतक्या बारीक असतात आणि एक वाकली तरी बोर्ड वाया जातो.

अल्कोहोल ज्वालाग्राही आहे. काम चालू असताना विडी, उदबत्ती, शेगडी जवळ नसावी. सर्व काही सुकल्याशिवाय वीज जोडू नये.

काय वापरू नये

देवघरातील तांब्या चिंचेने लख्ख होतो, म्हणून येथेही चिंच, लिंबू वा भांड्यांची पावडर चालेल असे समजू नये; आम्ल मागे राहते आणि धातू खाते. सँडपेपरने मुलामाच निघून जातो. रॉकेलचा तेलकट थर राहतो, थिनरने प्लॅस्टिक विरघळते. २०२० च्या साथीपासून बहुतेक कार्यालयांत हात धुण्याचे सॅनिटायझर आहे. परंतु त्यात पाणी आणि ग्लिसरीन असते, म्हणून तेही वर्ज्य. अनेक कारागीर खोडरबर वापरतात. शाईचा खरबरीत रबर सोन्याचा मुलामा खरवडतो. अल्कोहोलने काम झालेच नाही, तरच मऊ पांढऱ्या रबराचा एक-दोनदा हलका स्पर्श करावा, तोही खोक्यापासून दूर, आणि कण अल्कोहोलने पुसून टाकावेत.

आणखी एक गोष्ट. स्वच्छता चांगली म्हणून ती दर महिन्याला करू नये. स्मृतिपट्टीची खाच साधारण पंचवीस वेळा काढघाल सोसेल, इतकीच बहुधा बनविलेली असते. लक्षण दिसेल तेव्हाच जोडांना हात लावावा. आणि प्रत्येक वेळी दोष जोडांचाच असेल असेही नाही. संगणकाचे घड्याळ वारंवार मागे पडत असेल, तर ३ व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी बदलण्याची वेळ आलेली असते.

प्रतिबंध हाच उपाय

उन्हाळ्यात कार्यालयात कूलर लागतो. त्याचा दमट झोत नेमका संगणकावर असेल, तर पावसाळा येण्यापूर्वीच खोक्यात पावसाळा सुरू होतो. संगणक कूलरच्या समोरून हलवावा, जमिनीपासून उंच ठेवावा, खिडकीच्या वळचणीपासून दूर न्यावा. पावसाळ्यात तो अनेक दिवस बंद ठेवू नये. चालू यंत्राची ऊब ओलावा धरू देत नाही. मागील रिकाम्या फटी बुजवाव्यात, म्हणजे पाली आणि मुंग्या आत शिरत नाहीत. मात्र हवेच्या जाळ्या मोकळ्या राहाव्यात. खंडेनवमीला यंत्राची पूजा अवश्य व्हावी, परंतु हळद-कुंकू या जाळ्यांपासून दूर, खोक्याच्या बाहेरच्या बाजूस वाहावे. त्या दिवशी बाहेरून धूळ पुसण्याचा नेम ठेवला, तर पूजा अधिक सार्थ होईल.

केलेल्या प्रत्येक कामाची तारीख, लक्षण आणि उपाय यांची नोंद एका वहीत ठेवावी. पुढे येणाऱ्या तंत्रज्ञाला त्या वहीतून अर्धे निदान मिळते. सारे करूनही यंत्र चाललेच नाही, तर ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच गेले पाहिजे.

शेतकरी पेरणीपूर्वी तिफणीचे फण तपासतो आणि बंडीच्या चाकाला वंगण देतो. त्यासाठी तो कोणाच्या आदेशाची वाट पाहत नाही. ग्रामपंचायतीचा आणि शाळेचा संगणक हेही आता गावाचे अवजारच आहे. ते सार्वजनिक पैशातून आलेले आहे, म्हणून त्याची राखण हे कोणा एका परिचालकाचे काम नव्हे. कोठवर आपण हात घालावा आणि कोठे थांबून जाणत्याला बोलवावे, एवढा विवेक बाळगला, तर दाखल्यासाठी दहा कोसांवरून आलेल्या माणसाला ‘मशीन बंद आहे, उद्या या’ हे शब्द ऐकण्याचा प्रसंग क्वचितच येईल.