दोन बहिणी आणि तीन अटी



साहित्याच्या व्यासपीठावर मुलींच्या विज्ञानशिक्षणाचा विषय कशाला, असा प्रश्न कुणाच्या मनात आला असेल, तर त्याचं उत्तर मराठीतल्याच एका घरात आहे. दुर्गा भागवत आपल्याला ठाऊक आहेत. 'ऋतुचक्र', 'व्यासपर्व' आपण वाचलेली असतात. १९७५ साली कऱ्हाडच्या संमेलनाच्या अध्यक्ष या नात्यानं त्यांनी आणीबाणीला केलेला विरोध आपण अभिमानानं सांगतो. पण त्यांच्या धाकट्या बहिणीचं, कमला सोहोनींचं नाव काढलं तर किती जणांना ओळख पटेल? एका बहिणीला आपण डोक्यावर घेतलं आणि दुसरीला विसरलो. त्या दुसरीबद्दल मी आज बोलणार आहे.

कमला भागवतांचे वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. दोघांचं शिक्षण बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमधलं, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधलं. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमलाताईंनी तिथंच संशोधनासाठी अर्ज केला. तेव्हा संचालक होते नोबेल विजेते सर सी. व्ही. रामन. त्यांनी नकार दिला. गुण कमी म्हणून नव्हे, तर अर्जदार स्त्री म्हणून. वडील आणि काका जिथं शिकले, तिथं मुलीला दार बंद!

ती मुलगी रडत घरी आली नाही. तो गांधीजींचा काळ होता. तिनं रामन यांच्या दारात सत्याग्रह मांडला. शेवटी प्रवेश मिळाला, पण तीन अटींवर. पहिली, वर्षभर नियमित विद्यार्थिनी मानणार नाही. काम पाहून मग ठरवू. दुसरी, मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही काम करावं लागेल. तिसरी, प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये, म्हणजे तिच्यामुळे पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होऊ नये.

कमलाताईंनी अटी मान्य केल्या, पण त्यांचा अपमान त्या कधी विसरल्या नाहीत. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर त्यांनी काम केलं. वर्षानंतर रामन यांचं समाधान झालं आणि मग तिथं इतर मुलींसाठीही वाट खुली झाली. पुढं त्या केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असतं, हे त्यांनी दाखवलं. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली, तो प्रबंध होता अवघा चाळीस पानांचा. परतल्यावर दिल्ली, कुन्नूर आणि मग मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी काम केलं. कुपोषित आदिवासींसाठी नीरा किती पोषक ठरते, यावरच्या त्यांच्या संशोधनाला राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं. ताडाची झाडं पाहत वाढलेल्या आपल्या मुलींना हे संशोधन परकं वाटायला नको. आणि एवढं सगळं करूनही संस्थेचं संचालकपद मिळायला त्यांना काही वर्षं वाट पाहावी लागली.

आता त्या तीन अटींकडे पुन्हा पाहा. आज कुठलीही संस्था त्या कागदावर लिहून देणार नाही. पण आपल्या घरांत त्या चालू नाहीत का? "एक वर्ष शीक, मग बघू", ही पहिली अट. मुलाला असं वर्षाच्या मुदतीवर कोणी शिकवत नाही. दुसरी अट उलटी होऊन आली आहे : प्रॅक्टिकल उशिरा सुटतं, शेवटची बस जाते, म्हणून सायन्स नको. आणि तिसरी तशीच आहे : कॉलेजच्या वाटेवर पोरं त्रास देतात, म्हणून शाळा कुणाची सुटते? पोरांची नाही, पोरीची. वातावरण न बिघडवण्याची जबाबदारी अजून तिच्याच माथी.

आपल्या सीमेवरच्या मुलीला चौथी अटही आहे, ती भाषेची. पैनगंगेपलीकडे मराठी, अलीकडे राज्यकारभार तेलुगूत, आणि दहावीनंतरचं विज्ञान इंग्रजीत. मराठी माध्यमातल्या मुलीला प्रकाशसंश्लेषण नीट समजलेलं असतं. तेलुगूत त्यालाच किरणजन्य संयोगक्रिया म्हणतात, इंग्रजीत फोटोसिंथेसिस. पान तेच, सूर्यप्रकाश तोच. पण इंटरच्या वर्गात पहिल्या महिन्यात तिला वाटतं, आपल्याला काहीच येत नाही. ती मागच्या बाकावर जाते आणि पुढं आर्ट्सला जाते. घरचे म्हणतात, तिला सायन्स झेपलं नाही. बुद्धी कमी पडलेली नसते, शब्द कमी पडलेले असतात.

हे काम कुणाचं? शब्दांचं काम साहित्य मंडळाचं नाही, तर कुणाचं? म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. मंडळानं आठवी ते दहावीच्या विज्ञानातल्या शब्दांची मराठी, तेलुगू आणि इंग्रजी अशी तीन रकान्यांची पुस्तिका काढावी. आपल्याकडच्या शिक्षकांना त्या तिन्ही भाषा येतात. दुसरं, बासरच्या ट्रिपल आयटीत दहावीच्या गुणांवर थेट सहा वर्षांच्या अभियांत्रिकी शिक्षणाला प्रवेश मिळतो, राहण्याची सोयही तिथंच. त्याचा अर्ज भरायला मंडळानं दरवर्षी एक दिवस बसावं, आणि मुलींच्या वडिलांनाही बोलवावं. तिसरं, वाचनालयात दुर्गाबाईंच्या पुस्तकांशेजारी कमलाताईंचं चरित्र ठेवावं.

वडिलांना मुद्दाम बोलवा म्हणतो, त्याला कारण आहे. कमलाताईंच्या पाठीशी शास्त्रज्ञ वडील आणि काका होते, तरीही त्यांना सत्याग्रह करावा लागला. कापूस वेचून आलेल्या आईच्या मुलीला घरातून विज्ञानाचा वारसा मिळणार नाही. तिला निदान घरातच सत्याग्रह करावा लागू नये, एवढं तर आपल्या हातात आहे.

पुढच्या वर्षी या व्याख्यानाला मी आलो, तर ती पुस्तिका पाहायला मागणार आहे.