स्टँड युअर ग्राउंड



मी मॅट्रिक झालेला गोदीकामगार. इंग्रजीवर बोलायला उभं केलंत, तर एकाच शब्दप्रयोगावर बोलतो : ‘स्टँड युअर ग्राउंड’. डिक्शनरीत सरळ अर्थ आहे. समोरचा अंगावर आला तरी जागा सोडायची नाही. आपण म्हणतो, पाय रोवून उभा राहा. मूळचा लढाईतला शब्द; आता वादात, संपात, वाटाघाटीत कुठंही चालतो. पुढारी साहेबापुढं मागणीवर अडून बसला, तर त्यालाही हाच शब्द. गोदीत मात्र क्रेनचा माल डोक्यावर लोंबत असला, तर जागा सोडणाराच शहाणा!

पण अमेरिकेत ह्या शब्दाचा कायदा झालाय. इंग्लंडातून आलेला जुना कायदा म्हणायचा, घराबाहेर कुणी अंगावर आला आणि सुखरूप मागं सरता येत असेल, तर आधी मागं सर, जीव घेऊ नको. फ्लोरिडानं २००५ साली हे काढून टाकलं. जिथं असायचा तुला हक्क आहे तिथून हटू नको. जिवाची रास्त भीती वाटली तर गोळी घाल.

आता विचारा, हक्क कुणाचा? आणि भीती कुणाची रास्त?

२६ फेब्रुवारी २०१२. सॅनफर्ड. ट्रेव्हॉन मार्टिन, सतरा वर्षांचं काळं पोर, दुकानातून गोळ्या-चॉकलेटं आणि थंड पेय घेऊन बाप उतरला होता त्या घरी चाललेलं. हत्यार नाही. वस्तीवर राखण करणारा जॉर्ज झिमरमन संशयानं मागं गेला, झटापट झाली, पोर मेलं. २०१३ मध्ये ज्यूरीनं झिमरमनला निर्दोष सोडलं. ज्यूरीला दिलेल्या सूचनांत हेच शब्द होते. अरे, पोरही तिथं हक्कानंच चाललं होतं की! त्याचं ग्राउंड कुणी मोजलं?

त्याच फ्लोरिडातली मारिसा अलेक्झांडर, काळी बाई. ज्याच्या मारहाणीविरुद्ध कोर्टाचा मनाईहुकूम घेतलेला, त्या नवऱ्यापुढं तिनं २०१० मध्ये गोळी झाडली. कुणाला लागली नाही. तिनं हाच कायदा मागितला. न्यायाधीश म्हणाला, तुला लागू नाही. २०१२ मध्ये वीस वर्षं! अपिलात निकाल फिरला, तरी तीन वर्षांची कैद कबूल करावीच लागली.

आणि ब्लॅक पँथर? ओकलंडात पोलिसांवर नजर ठेवायला ते भरल्या बंदुका घेऊन, कायद्यात बसून, रस्त्यावर उभे राहिले. कॅलिफोर्नियानं १९६७ मध्ये कायदाच बदलला : भरली बंदूक घेऊन रस्त्यावर फिरायला बंदी. सही गव्हर्नर रेगनची.